उन्हाची पेटी आणि आपलं राहिलेलं भांडण

मल्हारी,

परवा शाळेत तुझ्यासाठी सभा झाली. सगळी पोरं मैदानात ओळीनं बसली होती. "किसन सर त्यांचे सगळ्यात जवळचे," असं म्हणून हेडमास्तरांनी मला बोलायला उभं केलं. समोर नववीचा वर्ग होता आणि त्यांच्या डोक्यावरून तुझी सुतारकामाची खोली दिसत होती, कुलूप लावलेली. मी म्हणालो, "मल्हारी सर फार चांगले शिक्षक होते. पोरांवर त्यांचा फार जीव होता." आणि खाली बसलो.

तू असतास तर परत येताना सायकलवरून म्हणाला असतास, "काय रे, एवढा विज्ञानाचा मास्तर तू, आन् प्रगतीपुस्तकावरचा शेरा वाचल्यावानी बोलला!"

खरंय. शेराच होता तो. तुला जाऊन आज अकरा दिवस झाले, आणि जे बोलायचं होतं ते सगळं अजून माझ्याकडंच आहे. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी किती वर्षांची, हे त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं. मला त्यात तू कुठं सापडला नाहीस. मला तू सापडतोस तो हातात करवत घेऊन, नाकावर लाकडाचा भुसा, आणि तोंडानं माझ्याशी वाद घालत.

सुरुवात धुरानं झाली होती, आठवतं? दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. आपण पहिल्यांदा पोरांना घेऊन दुधनेच्या काठी कॅम्पला गेलो. दोन ताडपत्र्या, तुझ्या घरची चार घोंगडी आणि अकरा पोरं. पोरांना तारे दाखवू, नदीतले दगड ओळखायला शिकवू, असं मी ठरवलं होतं. पण दुष्काळात लोकांनी बाभळीची फांदीसुद्धा शिल्लक ठेवली नव्हती. सकाळपासून सगळी पोरं सरपण शोधत फिरली आणि दुपारी ओली काटकं घेऊन परत आली. तू फुंकर मारून मारून लाल झालास. भात खाली करपला, वर कच्चा राहिला. पोरांचे डोळे चुरचुरत होते, आणि तू घाम पुसत, डोक्यावरच्या उन्हाकडं हात करून म्हणालास, "किसन, एवढं ऊन फुकट जाऊन राह्यलं रे. आन् आपण काटक्या शोधून राह्यलो."

मला वाटलं, वैतागानं बोलतोयस. पण पुढच्याच महिन्यात तू औरंगाबादला एक प्रदर्शन पाहून आलास. तिथं कुणीतरी चकचकीत पत्र्याची मोठी परात उन्हात ठेवून तिच्यावर पाणी उकळून दाखवत होतं. तसली परात आपल्याला कुठून मिळणार? तू मला विचारलंस, आरशानं ऊन गोळा करता येतं तर पेटीत कोंडता येतं का. मी तुला काच कशी ऊब आत घेते आणि बाहेर सोडत नाही ते फळ्यावर काढून दाखवलं. तू अर्धंच ऐकलंस. तुझे हात तेव्हाच पेटीची मापं घेत होते.

जालन्याच्या एका किराणा दुकानातून तू चहाची रिकामी खोकी आणलीस. आत चंदेरी कागद होताच. तेलाचा डबा कापून तू आतली पेटी केलीस, कंदिलाची काजळी जवसाच्या तेलात कालवून तिला काळं फासलंस. दोन पेट्यांच्या मधल्या जागेत काय भरायचं यावर आपला पहिला वाद झाला. मी म्हणालो कापूस. तू म्हणालास, "आमच्या मेंढ्या थंडीत कशानं जित्त्या राहत्यात? कापसानं?" आणि घरून पोतंभर लोकर घेऊन आलास. शाळेच्या मोडक्या कपाटाच्या काचा हेडमास्तरांना न विचारता काढल्यास. आष्टीच्या बाजारातल्या न्हाव्याकडून पारा उडालेला आरसा आणलास आणि बिजागरीनं झाकणाला लावलास.

पहिला भात ठेवला त्या दिवशी तू मला जगू दिलं नाहीस. दर पाच मिनिटांनी काच उचलून बघायचास.

"मल्हारी, उघडू नको. ऊब जाते सगळी."

"जाऊ दे. मला चैन पडंना."

"मग तुझी चैन शिजंल, भात न्हाई."

शेवटी मी काचेवर दगड ठेवला आणि तुला आठवीच्या वर्गावर पाठवलं. अडीचच्या सुमाराला झाकण काढलं तर वाफ आली. तू ताटली घेऊन धावतच शिक्षकांच्या खोलीत गेलास. "शिजला! चूल न्हाई, काडी न्हाई, धूर न्हाई! खाऊन पाहा!" हेडमास्तरांनी घास घेतला, चावला आणि म्हणाले, "मल्हारी सर, मीठ?" मीठ घालायचं तू विसरला होतास. त्या दिवसापासून पेट्या तू करायच्या आणि आत काय, किती घालायचं ते मी बघायचं, असं ठरलं. मी बोर्डिंगात राहून शिकलेला, मला रांधता येत होतं. तुला चहासुद्धा येत नव्हता.

आपल्या दोघांच्या हातांची ही वाटणी तेव्हा किती साधी वाटली होती.

दुसऱ्या वर्षी तीन पेट्या तयार झाल्या आणि कॅम्पला चौदा पोरांनी नावं दिली. मग पालकांची बैठक झाली. तुला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं की तिथं काय विचारलं जाणार. मागच्या खेपेला चुलीशी तू होतास, तू धनगराचा, कुणी काही बोललं नव्हतं. आता गावात बातमी होती की रांधायचं काम किसन सरांकडं आहे. आमच्या घरानं धर्म बदलून वर्षं लोटली होती. मी त्यांच्या पोरांना न्यूटनचे नियम शिकवत होतो आणि त्यांना ते चालत होतं. पण वरण शिजवणं वेगळं.

रंगनाथराव उठले. त्यांचा थोरला नववीत होता. आवाज चढवला नाही, चांगल्या बोलीनं विचारलं, "सर, तीन दिवस पोरं रानात राहणार. सैपाक कोन करणार?"

हेडमास्तर टेबलावरच्या कागदाकडं बघायला लागले. मी मागच्या दाराशी उभा होतो. आणि तू हसत हसत उठलास.

"सैपाक कोन्हीच करणार न्हाई, रंगनाथराव. सूर्य करणार हाय! पेटीत डबा ठेवायचा, काच लावायची. दुपारी काढायचं. तिथं चूलच न्हाई तर आचारी कशाला?"

लोक हसले. रंगनाथरावही हसले. चौदाच्या चौदा पोरांना परवानगी मिळाली.

परतताना वाटूरच्या रस्त्यानं मी तुझ्या पुढं सायकल काढली. तू ओरडत मागं आलास.

"काय झालं लेका? पोरं येऊन राह्यली ना!"

"तू खोटं बोलला."

"खोटं कुठं? सूर्यच शिजवतो का न्हाई? तूच तर फळ्यावर शिकवलं."

"त्यांनी काय विचारलं ते तुला बराबर समजलं व्हतं."

तू पॅडल मारत माझ्या बरोबरीला आलास. मग म्हणालास, "किसन, आधी पोरं येऊ दे. एका ताटलीत जेवू दे. मंग बाकीचं आपोआप व्हतं."

"आपोआप काय व्हतं? आधी हे, मंग ते, असं म्हणत म्हणत माझा बाप म्हातारा झाला."



पण कॅम्पचा पहिला दिवस काय सुंदर गेला! त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. नदीकाठच्या गाळाच्या मळईवर तीन पेट्या ओळीनं मांडल्या. तू पोरांना जमिनीत काठी रोवायला लावलीस, तिची सावली सरकली की पेटी तेवढीच फिरवायची. पोरं तासभर त्या सावलीवर पहारा करत होती. सकाळी नवाला ठेवलेली तुरीची डाळ एकपर्यंत मऊ झाली. तिसऱ्या पेटीतल्या रताळ्यांना पाक सुटला होता. सरपणाला कुणी गेलं नाही, त्यामुळं माझा दिवस मला मिळाला. मी पोरांना नदीच्या कडेचे मातीचे थर दाखवले, पाण्यातले किडे भिंगातून दाखवले. चौदा पोरं गोल करून जेवली. तू माझ्याकडं बघून भुवई उडवलीस. 'बघ, सांगितल्तं ना?' मीही हसलो. तेव्हा राग नव्हता माझ्या मनात, हे तुला कळलं होतं का?

दुसऱ्या दिवशी दहाला आभाळ भरून आलं.

तू म्हणालास, जाईल. बाराला म्हणालास, वारा सुटून राह्यला, आता जाईल. दोन वाजले. मी डाळ चाखली तर दाताखाली कचकच. तांदूळ नुसते फुगलेले. पोरं सकाळी मूठभर फुटाण्यांवर होती. लहानखुरी पोरं पोट धरून ताडपत्रीखाली पडली. तू आभाळाकडं बघत पेटीभोवती फेऱ्या मारत होतास.

तीनला मी शेजारच्या रानातून कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा आणला, तीन दगड मांडले आणि जाळ केला. तू म्हणालास, "किसन, थोडं थांब ना." मी विचारलं, "कशासाठी?"  मी डाळ चुलीवर चढवली, भात चढवला, लसणाची फोडणी दिली. वास सुटल्यावर पोरं उठून बसली.

आणि नेमके तेव्हा रंगनाथराव बैलगाडी घेऊन आले. बिचाऱ्यांनी पोरांसाठी हुरडा आणला होता, मोठं गाठोडं भरून. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं, चुलीकडं बघितलं, माझ्या हातातल्या पळीकडं बघितलं. मग तुला विचारलं. मला नाही, तुला.

"मल्हारी सर, ही डाळ कोनी शिजवली?"

तू वर आभाळाकडं बघितलंस. मला ते आजही दिसतं. एवढं काळं आभाळ, आणि तू म्हणालास, "सूर्यानंच की. जराशी कसर राह्यली व्हती, म्हणून..."

"मी शिजवली," मी म्हणालो.

 रंगनाथराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी शिवी दिली नाही, तोंड वाकडं केलं नाही. खाली बघत म्हणाले, "पोराची आजी बिमार हाय, त्याला घेऊन जातो." त्यांचा मुलगा आणि त्यांच्याच गल्लीतली दोन पोरं गाडीत बसली. हुरडा तिथंच राहिला. संध्याकाळी पोरांनी तो भाजून खाल्ला, तेवढं शहाणपण त्यांना होतं.

अकरा पोरं जेवली. तूही जेवलास, दोनदा वाढून घेतलंस, मला दिसावं असं. मी जेवलो नाही. मला भूक नाही म्हणालो. खरं तर सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.

त्यानंतर आपण किती दिवस बोललो नाही, सांग? शाळेत तुझा तास संपला की माझा असायचा. तू खडू टेबलावर ठेवून निघून जायचास आणि मी तो उचलायचो. मला वाटायचं, तुझी जीभ गोड आहे म्हणून तू सगळीकडं वाट काढतोस आणि त्या वाटेवर माझं नाव सांडून येतोस. तुला काय वाटत होतं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

परीक्षा संपल्यावर तू आमच्या दारात उभा राहिलास. शांतानं पाणी दिलं. तू माझ्याकडं न बघता तिला सांगितलंस, "वैनी, मायनं किसनला बोलावलंय. पेटी घेऊन ये म्हंती. तिच्या डोळ्याला आता धूर सोसंना."

तुझी माय त्या उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन भोकरदनच्या अंगाला, पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात होती. शेतकरी रिकाम्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायचे आणि तुमचा मुक्काम या शेतातून त्या शेतात हलायचा. आपण खरा कॅम्प म्हणून जे मिरवत होतो ते ती माउली जन्मभर करत आली होती. एसटीच्या टपावर पेटी चढवताना कंडक्टरनं विचारलं, "काय हाय हे? देव्हारा का?" आणि तू म्हणालास, "देव्हाराच, पण देव बाहेर ऱ्हातो." मला हसू आलं, आणि मी खिडकीकडं तोंड फिरवलं, तुला दिसू नये म्हणून.

माय लिंबाच्या सावलीत बसली होती. डोळे लाल, पदरानं पुसून पुसून पापण्या सोलल्यासारख्या झालेल्या. तिनं पेटीवरून हात फिरवला, फटीतून लोकर चिमटीत धरून बघितली आणि म्हणाली, "आपलीच हाय." मी डाळ धुतली, हळद घातली, मीठ घातलं, काच लावली. ती सारं न्याहाळत होती. दुपारपर्यंत ती आणि मी आलटून पालटून पेटी फिरवत राहिलो. तू मेंढ्यांकडं गेला होतास.

डाळ उतरवली तेव्हा तू आलास. आणि सवयीनं म्हणालास, "माय, पाहा! चूल न्हाई, कोन्ही रांधलं न्हाई. सूर्यानं शिजवलं."

मायनं भाकरीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला, खाल्ला. मग तुला विचारलं, "मीठ सूर्यानं घातलं का रं?"

तू भाकरीकडं हात नेलास.

"विचारून राह्यले तुला. मीठ कोनी घातलं?"

"किसननं."

"मंग किसननं रांधलं. ज्याच्या हातचं खातो त्याचं नाव चोरू न्हाई मल्हारी. घास अंगी लागत न्हाई."

मग तिनं मला जवळ बसवून घेतलं आणि तिघं एकाच परातीतून जेवलो. तू मान वर केली नाहीस. तिला कुणी काही सांगितलं होतं का, की तिला आपोआपच कळलं, हे मला आजवर माहीत नाही. हेही तुला विचारायचं राहिलं.

माफी तू मागितली नाहीस. पण पुढच्या माघात पालकांची बैठक भरली आणि कुणी विचारायच्या आधीच तू उभा राहिलास. त्या वेळी हसत नव्हतास.

"सैपाक किसन सर करतील. ऊन असलं तर पेटीत करतील, न्हाई पडलं तर चुलीवर करतील. डाळ त्यांच्या हातची ऱ्हाईल, मी बी तीच खाईन. ज्याला चालत न्हाई त्यानं पोरगं पाठवू न्हाई. बस."

पंधरा नावांतली दहा खोडली गेली. हेडमास्तर म्हणाले, पाच पोरांसाठी कसला कॅम्प? तू म्हणालास, पाच पोरं आन् दोन मास्तर, आणखी काय पाहिजे? आणि आपण गेलो.

मी काय केलं? मी तिथंही तुझ्याशी भांडलो! म्हणालो, जरा नीट सांगायचं होतंस, दहा पोरांचा काय दोष, त्यांचा नदीकाठ गेला. तू हातातली आरशाची बिजागरी खाली टाकलीस आणि कपाळाला हात लावलास. "तुझं काय बी खरं न्हाई लेका! सूर्य म्हणलं तरी राग, किसन म्हणलं तरी राग. आता मी काय करू, तूच सांग!"

 मल्हारी, मला खरंच माहीत नव्हतं. पोरं यावीत असंही वाटत होतं आणि माझं नाव घेऊन यावीत असंही. दोन्ही एकदम होत नव्हतं, आणि ते होत नव्हतं याचा राग मी तुझ्यावर काढत होतो, कारण दुसरं कुणी माझ्या इतकं जवळ नव्हतं. पुढं दरवर्षी एकदोन पोरं वाढत गेली. आपण पेट्यांच्या काचा बदलल्या, झाकणाला आरशाच्या झडपा चार असाव्यात की एक यावर वर्षभर भांडलो. पण त्या दिवशी भर बैठकीत तू जे बोललास त्याची किंमत तू एकट्यानं मोजलीस. तुझ्या भावकीत तुला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते मला इतरांकडून कळलं. तू कधी बोलला नाहीस. आणि मी कधी म्हणालो नाही की मल्हारी, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

जालन्याच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी रोज यायचो. काविळीनं तुझे डोळे पिवळे झाले होते. एका दुपारी तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालास, "किसन, त्या दिवशी दुधनेवर रंगनाथरावानं विचारलं तव्हा मी..."

मी म्हणालो, "राहू दे. बोलू नको, दम लागतो. झोप."

तू मनगट सोडलंस आणि डोळे मिटलेस. मला वाटलं मी तुझ्यावर दया करतोय. आता वाटतं, मी भ्यालो होतो. तू ते वाक्य पुरं केलं असतंस तर मला रडू आलं असतं, आणि खोलीत इतर माणसं होती. ते वाक्य तुझं होतं, मी ते पुरं करू द्यायला हवं होतं. या सगळ्यात मला सर्वांत जास्त हेच टोचतं.

आणि आता एक गोष्ट लिहितो, जी आपण दोघांनीही कधी तोंडातून काढली नाही.

तुझ्या घरी मी इतक्या वर्षांत कितीदा आलो असेन? दिवाळीला आलो, तुझ्या धाकटीच्या बारशाला आलो. ओसरीवर बसलो, चहा घेतला, फराळ केला. उंबरा ओलांडून आत मात्र कधी आलो नाही. रानात माय माझ्यासोबत एका परातीत जेवली, पण गावातल्या घरात भावकी होती, शेजार होता. तू कधी "आत चल" म्हणाला नाहीस. आमच्या घरी तू थेट चुलीपाशी जाऊन शांताच्या टोपल्यातली भाकर उचलायचास. मी कधी हिशेब मांडला नाही असं मला वाटायचं. पण मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तुलाही माहीत होतं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर शांता भाकरी थापत होती. टोपलं भरत आलं होतं. मी विचारलं, कुणासाठी?

"मल्हारी भाऊजींच्या घरी. चूल बंद हाय त्यांची."

मी म्हणालो, "शांता, तिथं सगळी भावकी जमलीय. कुणी हात लावला न्हाई तर?"

ती भाकर तव्यावर टाकत म्हणाली, "न्हाई लावला तर परत आणू. पण लेकरं उपाशी असतील आन् आपण विचार करत बसायचं, हे मला जमणार न्हाई."

पिठल्याचं पातेलं सायकलला बांधलं, टोपलं तिच्या डोक्यावर, असे आम्ही आलो. ओसरीवर पंधरा-वीस माणसं होती.  तुझ्या मामांनी खाकरून सांगितलं, "ठिवा तिथं खांबापाशी. जेवायला टाइम हाय अजून." शांतानं टोपलं उतरवलं नाही. मीही पातेलं धरून उभा राहिलो. माझे पाय मागं वळायला बघत होते, खोटं कशाला सांगू.

मग माय दारात आली. भिंतीला धरून. डोळे पार बसलेले. तिला आता फारसं दिसत नाही, पण तिनं माझ्या सायकलच्या आवाजावरून ओळखलं असेल.

"किसन हाय का?"

"हो, माय."

"मंग बाहेर कामून उभा? आत ये. शांते, तू बी ये. लेकरांना तुझ्या हातानं वाढ."

मामा उठले, पायात वहाणा घातल्या आणि निघून गेले. त्यांच्या मागं आणखी तिघं. बाकीचे बसून राहिले. थोड्या वेळानं तुझा चुलतभाऊ आत आला, हात धुतले आणि ताट मागून घेतलं. मग आणखी दोघं आले. तुझ्या बायकोनं चार घास खाल्ले. तुझ्या धाकटीनं दुसरी भाकर मागितली.

आत खुंटीवर तुझा सदरा होता. कोनाड्यात रंधा आणि दोन पटाश्या. खिडकी किती लहान आहे तुमची, मला ठाऊकच नव्हतं. शांता वाढत होती आणि मी पातेलं धरून तिच्या मागं फिरत होतो. सगळ्यांचं झाल्यावर मायनं चाचपडत चुलीजवळचा पाट ओढला.

"मल्हारी इथं बसायचा," ती म्हणाली. "बस."

मी बसलो. तिनं टोपल्यात हात घालून भाकर काढली, मोडून माझ्या ताटात ठेवली, वर पिठलं घातलं. चूल थंड होती. मी भिंतीला पाठ लावली आणि जेवलो, मल्हारी. पोटभर जेवलो.